लाल वाइनचे द्राक्ष आणि शिवाजी पार्कचे ताट

माल बागेतून निघाला की बागाइतदाराचे काम संपले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. खाण्याच्या द्राक्षांच्या बाबतीत ती काही अंशी खरी आहे. थॉमसन किंवा सोनाका जातीची द्राक्षे एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा घेतो; कोणीच घेतली नाहीत तर त्यांचा बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाची गोष्ट वेगळी आहे. शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यॉ यांसारख्या जातींचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे असतात. त्यांना बाजार समितीत गिऱ्हाईक नाही आणि त्यांचा विकण्याजोगा बेदाणाही होत नाही. वाइनरीने माल उचलला नाही तर तो वेलीवरच वाळतो.

यास्तव हे पीक घेणाऱ्याने वाइनरीच्या दरवाजापलीकडे पाहावयास शिकले पाहिजे. वाइनरी द्राक्षे घेते ती शहरात बाटली खपते म्हणून, आणि घरोघर बाटली दुसऱ्यांदा आणली जाते ती जेवणाशी तिचा मेळ बसला तरच. नाशिकहून सुमारे १७० किलोमीटरवर असलेल्या मुंबईतील ताटात काय वाढले जाते आणि त्याच्याशी कोणती लाल वाइन जुळते, हा प्रश्न दिंडोरी वा निफाड तालुक्यातील शेतकऱ्याच्या हिशोबाचा भाग ठरतो तो असा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना या प्रश्नाची शास्त्रीय बाजू समजावी, हा या लेखाचा हेतू आहे. ती समजण्यासाठी वाइन चाखण्याची मुळीच गरज नाही. स्वयंपाकघरातील साध्या प्रयोगांनी ती ध्यानात येते.

शिराझ मूळची कोठली?

नाशिक भागात लाल वाइनसाठी लावल्या जाणाऱ्या जातींत शिराझ ही एक प्रमुख जात आहे. तिचे मूळ घर फ्रान्सच्या आग्नेय भागातील ऱ्होन नदीचे खोरे हे होय. तेथे तिला 'सिरा' म्हणतात. या खोऱ्याच्या उत्तर भागात एर्मिताज नावाची दक्षिणाभिमुख टेकडी असून तिच्या उतारावर पायऱ्या पाडून वेली लावल्या आहेत. तेथून वरच्या अंगाला कोत-रोती हा दुसरा प्रसिद्ध टापू लागतो. त्या नावाचा अर्थच 'भाजलेला उतार' असा आहे. या दोन्ही ठिकाणची पारंपरिक लाल वाइन सिरा द्राक्षाची असते.

शिराझ हे नाव इराणातील शहराचे असल्यामुळे ही जात तिकडून आली, अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. १९९८ साली झालेल्या जनुकीय तपासणीने तिचा निकाल लागला. दुरेझा ही काळी व मोंदेझ ब्लांश ही पांढरी, अशा आग्नेय फ्रान्समधीलच दोन जातींच्या संकरातून सिरा जन्मली, असे त्या तपासणीत सिद्ध झाले. १८३२ साली जेम्स बस्बी याने युरोपातून द्राक्षवेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या. त्यांत ही जातही होती. पुढे त्या देशात तिचे शिराझ हे नाव रूढ झाले.

ऱ्होनच्या लोकांनी या वाइनसोबत काय खावे, हे कोणा पंडिताने ठरविले नाही. त्या मुलखात मेंढ्या चरतात, गुरे पाळली जातात, रानात शिकार मिळते. मंद आचेवर तासन्‌तास शिजविलेले मांस, भाजलेले कोकराचे मांस आणि मुरलेले चीज हे तेथील अन्न. त्या अन्नाला साजेल अशी तुरट, भारदस्त वाइन पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली. कोणत्या टापूत कोणती जात लावावी आणि हेक्टरी किती उत्पन्न घ्यावे, हेही तेथे पुढे कायद्याने बांधून दिले गेले. एर्मिताजला असा दर्जा १९३७ साली मिळाला. वाइन, जमीन आणि ताट यांची सांगड एकाच ठिकाणी पडली, हे तिच्या कीर्तीचे मोठे कारण आहे.

आपल्याकडे वेल आली, पण तिच्यासोबतचे ताट आले नाही. ताट आपलेच राहिले. तेव्हा वाइन आपल्या ताटाकडे पाहून घडवावी लागेल, आणि त्या घडणीला प्रारंभ बागेतच होतो.

लाल रंग व तुरटपणा येतो कसा?

बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढुरकाच असतो. रंग सालीत असतो. म्हणून लाल वाइन करताना मणी देठांपासून सोडवून, हलकेच फोडून, रस साल व बियांसकट टाकीत भरतात. यीस्ट रसातील साखरेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. या क्रियेत उष्णता उत्पन्न होते. लाल वाइनच्या टाकीचे तापमान साधारणतः २४ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखतात. वायूच्या रेट्याने साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. तो दररोज खाली दाबतात किंवा खालचा रस पंपाने वर आणून त्यावर सोडतात, जेणेकरून सालीतील द्रव्ये रसात उतरावीत.

सालीतून रंग उतरतो तसेच टॅनिन हे तुरट द्रव्यही उतरते. बियांतही टॅनिन असते व मद्यार्क वाढेल तसे ते अधिक प्रमाणात बाहेर येते. मुख्य किण्वन आटोपल्यावर जिवाणूंकडून दुसरी क्रिया होते. तीत कच्च्या सफरचंदासारखे तीव्र मॅलिक आम्ल सौम्य अशा लॅक्टिक आम्लात बदलते. त्यानंतर काही वाइन ओकच्या लाकडी पिंपांत मुरवतात. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात रूढ झालेले असे पिंप २२५ लिटरचे असते. लाकडातूनही तुरटपणा व भाजक्या मसाल्यासारखा वास वाइनमध्ये येतो.

साधारणतः १ ते १.२५ किलो द्राक्षांपासून ७५० मिलिलिटरची एक बाटली तयार होते. यावरून बागेतील प्रत्येक घडाचा बाटलीशी किती निकटचा संबंध आहे, हे दिसून येईल.

चवीचे चार नियम

पहिला नियम तुरटपणाचा. कच्चे केळे, हिरडा किंवा सुपारी चघळली असता तोंड कोरडे पडते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते व लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो, म्हणून असे वाटते. ग्रामसेवकाने सभेत पुढील प्रयोग करून दाखवावा. चहाची पूड पाण्यात खूप वेळ उकळून तो कोरा चहा एकेक घोट सर्वांना द्यावा. जीभ आखडल्यासारखी होईल. मग त्यातच दूध घालून पुन्हा घोट द्यावा. तुरटपणा एकदम कमी झालेला आढळेल, कारण टॅनिन आता दुधातील प्रथिनांना जाऊन बिलगते. तुरट वाइन मांसासोबत मऊ का लागते, याचे उत्तर या दोन घोटांत आहे.

दुसरा नियम तिखटाचा. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य तोंडातील उष्णतेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते. मद्यार्क त्याच मज्जातंतूंना अधिक हळवे करतो. परिणामी तिखट पदार्थासोबत जादा मद्यार्काची वाइन घेतल्यास आग भडकते.

तिसरा नियम गोडाचा व आंबटाचा. जिलेबी खाल्ल्यावर लिंबाचे सरबत आंबटढाण लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. तद्वत गोड पदार्थानंतर साखर न उरलेली लाल वाइन आंबट व कडवट भासते. उलट, पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असेल तर वाइन बेचव व पाणचट वाटते.

चौथा नियम मासळीचा. २००९ साली जपानी संशोधकांनी असे दाखवून दिले की, वाइनमधील लोहाचा अंश मासळीच्या चरबीशी संयोग पावला की तोंडात उग्र, हिंवस चव उत्पन्न होते. लाल वाइनमध्ये लोहाचे प्रमाण अनेकदा जास्त असते. तेलकट मासळी व लाल वाइन यांचे न पटण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

शिवाजी पार्कचे ताट

आता या नियमांवर आपले ताट पारखू. त्यासाठी मुंबईतील शिवाजी पार्कचा परिसर उदाहरणादाखल घेणे सोयीचे आहे. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. प्रारंभी ते माहीम पार्क या नावाने ओळखले जाई. १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला आजचे नाव मिळाले. त्याच्या सभोवार वसलेल्या दादर-माहीमच्या वस्तीत कोकणातून, देशावरून व गोव्याकडून आलेली मराठी कुटुंबे शेजारी शेजारी राहत आली आहेत. त्यामुळे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे खिम्याचे पॅटिस, मालवणी कोंबडी-वडे, सारस्वतांची मासळीची आमटी, कोकणस्थांचे डाळिंब्यांचे बिरडे आणि देशावरची भरली वांगी हे सारे पदार्थ येथे एका हाकेच्या अंतरावर शिजतात. महाराष्ट्राच्या ताटाची एवढी आटोपशीर परीक्षा अन्यत्र क्वचितच घेता येईल.

मटणाचे सुके, हा शिराझशी सर्वांत चांगला मेळ होय. मांसातील प्रथिने तुरटपणा शोषून घेतात आणि चरबीने जड झालेले तोंड वाइनच्या आंबटपणाने मोकळे होते. येथे आणखी एक योग जुळतो. शिराझच्या वाइनला मिरपुडीसारखा वास येतो, हे जुन्या लोकांनाही ठाऊक होते. परंतु त्याचे कारण २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शोधून काढले. रोटुंडोन नावाचे एकच द्रव्य काळ्या मिरीच्या दाण्यात आणि शिराझच्या सालीत असते. मिरी, लवंग घालून परतलेल्या मटणाशी शिराझचे नाते असे थेट आहे. खिम्याच्या पॅटिसालाही हेच लागू पडते. बटाट्याच्या आवरणामुळे तेथे मसाला सौम्य होतो, ही आणखी सोय.

कोंबडी-वड्यांच्या बाबतीत सावधगिरी हवी. भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण वाइनला अनुकूल असते, पण मालवणी मसाल्यातील मिरची प्रतिकूल. रस्सा बेताचा तिखट असेल आणि वाइनचा मद्यार्क १२ ते १३ टक्क्यांच्या आसपास असेल तर जेवण जमते. मद्यार्क १४ टक्क्यांपलीकडे गेला की घशाशी आग होते.

तळलेला बांगडा, सुरमई किंवा मासळीची आंबट आमटी यांच्यासोबत लाल वाइन नको. तेथे शेनिन ब्लाँ किंवा सॉव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या जाती अधिक योग्य ठरतात. नाशिक भागात त्यांचीही लागवड आहे. सोलकढीचे कोकम लाल वाइनला फिके पाडते. कोकमाला स्वतःचाच आंबटपणा व रंग असल्यामुळे ज्या जेवणात सोलकढी आहे, त्यात वाइनची उणीव भासत नाही.

शाकाहारी ताटात लाल वाइनला जागा नाही, असे समजू नये. भरल्या वांग्यांतील शेंगदाण्याचे कूट, तीळ व गोडा मसाला यांचा खमंगपणा ओकच्या पिंपात थोडी मुरलेली वाइन सहज पेलते, मात्र वांग्यांत गूळ-चिंच हात राखून घातलेली असावी. थालीपीठ व लोण्याचा गोळा हाही असाच मेळ आहे. भाजणीच्या खरपूस वासाला वाइनची जोड मिळते आणि लोण्याचे स्निग्धत्व तुरटपणाला आवरते. डाळिंब्यांच्या बिरड्याला स्वतःचा किंचित कडवटपणा असतो. त्याबरोबर कमी तुरट, ताजी लाल वाइनच शोभेल. मिसळ, ठेचा, पुरणपोळी व श्रीखंड यांच्या वाटेला मात्र तिने जाऊ नये.

मुंबईच्या हवेत आणखी एक गोष्ट पाळावी लागते. लाल वाइन घरातल्या तापमानावर द्यावी, हा युरोपातील प्रघात थंड घरांसाठी होता. दादरच्या ३० अंश उष्ण खोलीत तिचा मद्यार्कच नाकात भरतो. बाटली थोडा वेळ शीतकपाटात ठेवून १६ ते १८ अंशांवर आणल्यास तीच वाइन सुसह्य होते.

या ताटाची मागणी बागेत कशी पुरवावी?

वरील परीक्षेवरून निष्कर्ष स्पष्ट आहे. आपल्या ताटाला अतितुरट, अतिमद्यार्काची, लाकडाच्या वासाने भारलेली वाइन मानवत नाही. माफक मद्यार्क, ताजा आंबटपणा, पिकलेला मऊ तुरटपणा आणि मिरीचा वास असलेली वाइन मानवते. यांपैकी बहुतेक गुण बागेतच ठरतात.

(१) गोडी व मद्यार्क — रसाच्या ब्रिक्सला ०.५५ ने गुणले असता होणाऱ्या मद्यार्काचा स्थूल अंदाज येतो. २२ ब्रिक्सचे सुमारे १२ टक्के, २४ चे सुमारे १३ टक्के व २६ चे १४ टक्क्यांहून अधिक. गोडी जेवढी जास्त तेवढा माल चांगला, ही खाण्याच्या द्राक्षांची सवय येथे घातक आहे.

(२) आंबटपणा — फ्रान्समध्ये द्राक्षे शरद ऋतूच्या गारव्यात पिकतात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी व पावसाळ्याच्या अखेरीची फळछाटणी अशा दोन छाटण्या होऊन काढणी जानेवारी ते मार्चमध्ये येते, म्हणजे मणी पिकता पिकता ऊन वाढत जाते. उष्णतेने मॅलिक आम्ल झपाट्याने जळते. फळछाटणी लांबली तर पिकण्याचा काळ मार्चच्या उन्हात सापडतो. म्हणून छाटणीची तारीख वाइनरीच्या सल्ल्याने व वेळेवर साधावी. काढणी पहाटेच्या गारव्यात करून माल उन्हे चढण्यापूर्वी पोहोचवावा.

(३) तुरटपणा — बी फोडून पाहणे हा सोपा उपाय आहे. हिरवट, चिकट बी कच्च्या टॅनिनची खूण होय. बी तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरीत फुटली म्हणजे टॅनिन पक्व होत आले. रिफ्रॅक्टोमीटरच्या जोडीला ही परीक्षा ओळीओळीतून नमुने घेऊन करावी.

(४) वास — मिरीच्या वासाचे द्रव्य थंड हवामानात व सावलीतील घडांत अधिक टिकते, असे आढळून आले आहे. त्यामुळे घडांवरील पाने सरसकट काढू नयेत. दुपारच्या उन्हाच्या बाजूस पानांची छत्री राखावी आणि सकाळच्या बाजूस हवा खेळेल एवढीच विरळणी करावी. जास्त दाटी झाल्यास भुरी व केवडा बळावतात, हेही विसरू नये.

(५) उत्पन्न — वेलीवर घड जास्त ठेवले तर रंग व चव विभागली जाते. वाइनच्या बागेचे एकरी उत्पन्न खाण्याच्या द्राक्षांहून पुष्कळ कमी धरावे लागते. ताळेबंद मांडताना हा आकडा प्रथम लक्षात घ्यावा. मणी फुगविण्यासाठी संजीवके वापरू नयेत. मणी लहान असेल तेवढे रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक असते आणि गुण सालीत आहे.

(६) खुंट — एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्झेरा या मुळांवरील किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकी खुंटांवर कलमे करून त्या वाचविल्या गेल्या. आपले डॉग्रीज व ११० आर हे खुंट त्याच अमेरिकी वंशातील असून आपल्याकडे ते मुख्यतः क्षार व पाण्याचा ताण सोसण्यासाठी वापरतात. खुंटाची निवड माती व पाणी तपासूनच करावी. पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला यासाठी उपयुक्त आहे.

विसरता न येणारा धडा

राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. वाइनरींची संख्या वाढली व त्या भरवशावर अनेक शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षे मोडून वाइनच्या जाती लावल्या. २००८-०९ च्या सुमारास जागतिक मंदी आली, मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटन थंडावले व मागणी एकाएकी बसली. तयार माल बागेत पडून राहिला. कित्येकांना पैसे वेळेवर मिळाले नाहीत आणि चार-पाच वर्षे जोपासलेल्या वेलींवर कुऱ्हाड चालवावी लागली. हॉटेलांतील परदेशी पाहुण्यावर विसंबलेली मागणी किती ठिसूळ असते, ते त्या वेळी दिसून आले.

यास्तव लेखी करार झाल्यावाचून वाइनच्या जातीची एकही काडी लावू नये. करारात वाण, उचलण्याचे वजन, गोडीची किमान व कमाल मर्यादा, दर, पैसे देण्याची मुदत आणि माल न उचलल्यास भरपाई या बाबी स्पष्ट असाव्यात. संपूर्ण क्षेत्र एकाच पिकाखाली न आणता काही भाग खाण्याच्या द्राक्षांसाठी राखावा. ग्रामसेवकांनी करार मोठ्याने वाचून दाखवावा व शेतकऱ्याची खात्री झाल्यावरच सही होऊ द्यावी.

कायद्याची बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. उरलेल्या द्राक्षांची घरी वाइन करण्याचा मोह कोणीही धरू नये. तसेच मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. जो पीत नाही त्याने या लेखामुळे पिण्यास आरंभ करण्याचे कारण नाही. द्राक्ष पिकविणारे अनेक शेतकरी स्वतः माळकरी आहेत व त्यांनी जन्मात थेंबही चाखलेला नाही. तरी कोऱ्या चहाचा घोट, बियांचा रंग आणि रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा यांवरून ते उत्तम माल ओळखू शकतात.

ऱ्होनच्या शेतकऱ्याने आपल्या गावचे ताट ओळखून वेल जोपासली. दिंडोरीच्या शेतकऱ्याचे गिऱ्हाईक शिवाजी पार्कच्या आसपास, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या घरांत आहे आणि त्या ताटातले मटण, वांगी व थालीपीठ त्याच्या स्वतःच्या घरीही शिजते. त्या ओळखीचा उपयोग त्याने छाटणीची तारीख, घडांची संख्या आणि काढणीचा दिवस ठरविताना करावा.